आज पापलेट नाही

समुद्राकाठच्या घरगुती हॉटेलाची पारख तिथे काय मिळतं यावरून करायची आपली सवय. मी अलीकडे तिथे काय मिळत नाही ते आधी बघतो. फळ्यावर मासळीची भलीमोठी यादी असावी आणि निम्म्या नावांवर खडूची रेघ मारलेली असावी, म्हणजे मी निर्धास्तपणे खुर्ची ओढतो. सगळंच हजर असेल तर मात्र पोटात भूक असूनही मनात शंका येते. समुद्र काही कुणाच्या मेनूकार्डाबरहुकूम मासळी देत नाही. मग या स्वयंपाकघराला ती बारा महिने कुठून मिळते?

मागे एका जूनमध्ये दादरच्या एका छोट्या मालवणी हॉटेलात बसलो होतो. बाहेर धो धो पाऊस. मालकीणबाई गल्ल्यावर, त्यांचा मुलगा वाढायला, आणि आतल्या फोडणीच्या वासावरून सासूबाई अजून निवृत्त झालेल्या नसाव्यात. एवढ्यात छत्र्या झटकत एक कुटुंब आत आलं. मुंबई बघायला आलेलं, हे मोबाइलवरच्या यादीवरून कळत होतं. सकाळी गेटवे झालं होतं, दुपारी 'ऑथेंटिक मालवणी' करायचं होतं.

"चार पापलेट थाळी."

"पापलेट नाही आज."

"सुरमई?"

"तीपण नाही. सुकट आहे वांग्यातली, खाडीची कोळंबी आहे थोडी, अंड्याचं कालवण आहे."

"फ्रोझन पण नाही का?"

"बाजारात आहे. आम्ही नाही घेत."

बाईंच्या आवाजात ना दिलगिरी होती ना तोरा. गाडी चुकली तर पुढची अमुक वाजता, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. ते कुटुंब जरा घुटमळलं आणि निघून गेलं. रस्त्यापलीकडे त्यांना पापलेट मिळालंही असेल. मी सुकट मागवली. पावसाळ्यात गरम भात, सुकट आणि सोलकढी यांच्यापुढे सुरमईचा काय पाड, हे त्यांना सांगायला हवं होतं. पण पाहुण्यांच्या मागे धावत जाऊन मासळीचं प्रवचन देणारा म्हातारा व्हायची माझी अजून तयारी नाही.

त्या नकारामागे कॅलेंडर आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हे दिवस माशांच्या विणीचे, आणि समुद्रही खवळलेला. वल्ह्याच्या आणि शिडाच्या होड्यांना मुभा असते, म्हणून खाडीतलं थोडंफार येत राहतं. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, त्यामुळे जून अर्धा सरला की तिकडचा माल बर्फात घालून इकडे येऊ शकतो. त्यात गैर काहीच नाही. मात्र जुलैमध्ये मुंबईतल्या टेबलावर आलेलं पापलेट 'आत्ताच धक्क्यावरून आलं' असं सांगून वाढलं जातं, तेव्हा तो धक्का कुठला, एवढं विचारायला हरकत नसावी. कारण ससून डॉक काय नि भाऊचा धक्का काय, त्या दिवसांत तिथे बोटी नांगरून पडलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी बोट हाकारतात, त्यात श्रद्धा आहेच आणि हिशोबही आहे.

पापलेटाचं तर आणखी वेगळं. २०२३ साली महाराष्ट्राने त्याला राज्य मासा म्हणून मान दिला. आपल्याकडे मान मिळायला लागला की समजावं, गोष्ट दुर्मीळ होत चालली आहे. पालघरजवळच्या सातपाटीसारख्या पापलेटाच्या गावांतून वर्षानुवर्षं तक्रार येते आहे की हातावर मावतील एवढी पिल्लंच जाळ्यात येतात, आणि ती विकलीही जातात. विकली जातात, कारण ताटाएवढं पापलेट परवडत नाही आणि ताटात पापलेट तर हवंच, असं गिऱ्हाईक असतं. म्हणजे तुम्ही आणि मी. तेव्हा 'पापलेट नाही' म्हणणारी गल्ल्यावरची बाई नकळत एखाद्या सरकारी परिपत्रकापेक्षा जास्त काम करत असते.

ही सवय या हॉटेलांना वारशाने मिळाली ती गिरणगावातून. लालबाग-परळच्या चाळींमधून कोकणातले आणि घाटावरचे कामगार दाटीवाटीने राहत. बायकामुलं गावाला आणि जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे बहुतेक वेळा एका बाईची दहा बाय बाराची खोली. नवरा गिरणीत, ही पहाटे उठून पाळीच्या वेळा सांभाळत वीस-तीस माणसांचं रांधणार. पैसे महिन्याच्या हिशोबाने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. या बायकांना व्याजाच्या कचाट्यातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत न्यायचं काम प्रेमा पुरव यांनी हाती घेतलं, त्यातून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर रंगीत पुस्तकं निघतात, त्यांत वडापावाला पानंच्या पानं मिळतात आणि खानावळवालीला एखादा परिच्छेद. हा हिशोब मला कधी पटलेला नाही.

माझे एक मामा लग्नाआधी लालबागला अशा खानावळीत जेवत. लहानपणी त्यांच्याबरोबर तिथे बसल्याचं आठवतं. चालवणाऱ्या बाईंना सगळे मामीच म्हणत. कुणी नवखा पाटावर बसून पसंती सांगू लागला की मामी डाव खाली न ठेवता म्हणत, "आज पापलेट नाय. बांगडो आसा, ताजो आसा." विषय संपला. बांगडा तिरफळ घातलेला, कालवण ताटभर पसरणारं, भात हवा तेवढा. निवडायला काही नव्हतं, पण जे होतं त्यात लबाडी नव्हती. बांगडा शिळा निघाला असता तर रात्रपाळीची वीस माणसं दुसऱ्या दिवशी कामावर गेली नसती आणि मामींच्या दारात भांडण झालं असतं. रोजचं गिऱ्हाईक हाच तिथला अन्न निरीक्षक.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परतायला गिरणीच उरली नाही. पगार थांबला तशी खानावळींची उधारीही थांबली, मग जेवणारे गावी गेले. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. आता तिथल्या फूड कोर्टात 'मालवणी काउंटर' असतं, आणि त्यावर पापलेट कायम असतं.

इटलीची गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते, कारण माझ्या मनातला हा विचार पक्का झाला तो तिथल्या एका टेबलावर. भाची मिलानला नोकरीला आहे. तिने आम्हाला लिगुरियाच्या किनाऱ्यावर, चिंक्वे तेर्रेमधल्या मोंतेरोस्सोला नेलं. डोंगराच्या कड्यांना चिकटलेली पाच गावं, पायऱ्यापायऱ्यांची द्राक्षांची शेती, खाली निळं पाणी. १९९७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि तेव्हापासून तिथे पर्यटकांचा जो लोंढा सुरू आहे, त्यापुढे गणपतीतलं लालबाग शिस्तीचं वाटावं. २०११ च्या ऑक्टोबरात मोंतेरोस्सो आणि शेजारच्या वेर्नात्सावर डोंगरावरून चिखलाचा पूर आला होता; गल्ल्यांतले तळमजले गाडले गेले. लोकांनी फावड्यांनी गाव उकरून काढलं आणि पुन्हा टेबलं मांडली.

ज्या हॉटेलात बसलो ते एका कुटुंबाचं. आजीबाई दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवून. नातू ऑर्डर घेणारा. आतून कुणा बाईचा चढा आवाज. मला गिरगावातच आल्यासारखं वाटलं. मेनूकार्डावर काही पदार्थांपुढे छोटासा तारा छापलेला होता. भाची म्हणाली, "मामा, तारा म्हणजे माल गोठवलेला आहे. लपवला तर इथे गुन्हा धरतात." मी चष्मा लावून ते कार्ड पुन्हा वाचलं. कोळंबीवर तारा होता, शिंपल्यांवर नव्हता. मोंतेरोस्सो ज्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे त्या छोट्या मांदेलीसारख्या अँचोव्हींवर अर्थातच नव्हता. पर्यटकांनी खच्चून भरलेल्या गावात, ज्याला पुन्हा कधी यायचं नाही अशा गिऱ्हाइकालाही ते सांगत होते: हे ताजं, हे नाही. मुंबईतल्या कुठल्याच मेनूकार्डावर असा तारा मी अजून पाहिलेला नाही.

मी शिंपल्यांची स्पॅगेटी मागवली. आपल्या तिसऱ्यांचे ते जातभाईच. लसूण, ऑलिव्हचं तेल, पांढरी वाइन, कोथिंबिरीच्या जागी पार्सली. समोर आल्यावर मी चीज मागितलं. नातू हसला, मानेनेच नाही म्हणाला, आणि भाचीला काहीतरी सांगून गेला. मासळीवर चीज घालत नाहीत, शिंपल्यांची चव मरते, असं त्याचं म्हणणं. पलीकडच्या टेबलावरच्या एका धिप्पाड पर्यटकाने मात्र हट्टच धरला, आवाज चढवला. चीज आलं नाही ते नाहीच. दाराशी बसलेल्या आजीबाईंनी मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि मला माझ्या आजीची आठवण झाली. मासे खाऊन वर दूध मागणाऱ्या नातवाकडे ती असंच बघायची. ही पथ्यं वैद्यकाच्या कसोटीवर टिकतील न टिकतील. स्वयंपाकघराचा कणा त्यांनीच ताठ राहतो.

त्यांच्याकडेही बंदीचा काळ असतो. ट्रॉलरना किनाऱ्यागणिक वेगवेगळ्या तारखांना काही आठवडे जाळी टाकता येत नाहीत. आणि हिवाळ्यात पर्यटक ओसरले की समुद्राकाठची बरीच हॉटेलं सरळ कुलूप लावतात. आपल्याकडे गणपतीत गिरगाव-दादरच्या कोकणी दुकानांच्या शटरवर 'मालक गावी गेले आहेत' अशी पाटी लागायची, त्यातलाच प्रकार. वडापाववाल्यापासून भांडीवाल्यापर्यंत सगळी मुंबई तेवढे दिवस सावंतवाडी-कणकवलीत. आता अशा पाट्या कमी झाल्या. धंदा दहा दिवस बंद ठेवणं भाड्याच्या जागेत परवडत नाही, हेही खरं.

पण नकाराचं गुणगान गाताना हात जरा आखडावा लागतो, कारण याच गिरगावाने दुसऱ्या जातीचे नकारही पाहिले आहेत. जुन्या मुंबईत खानावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे. कुणाला पंगतीत जागा नाही, कुणाला बाहेरच्या पडवीत, कुणाला दारातूनच परत. बायकांनी एकटीने हॉटेलात बसणं तर कित्येक दशकं अशक्य. इराण्याचं हॉटेल मुंबईला आपलं वाटलं ते निव्वळ मस्क्यापावामुळे नव्हे. तिथे संगमरवरी टेबलावर शेजारी कोण बसलाय हे विचारायची पद्धत नव्हती म्हणून. आजही गिरगावातल्या काही नव्या इमारतींत मासे शिजवणाऱ्याला घर मिळत नाही, आणि ज्या वाड्यांतून बांगड्याचा वास यायचा तिथल्या लिफ्टमध्ये नाक मुरडलं जातं. तेव्हा माझं म्हणणं नीट सांगतो: नकार पदार्थाला द्यावा, माणसाला नाही. मामींच्या खोलीत पापलेट नव्हतं, पण 'तू कुठला, कुणाचा' हा प्रश्नही मी कधी ऐकला नाही.

गिरगावच्या खोताच्या वाडीतलं अनंताश्रम हॉटेल माझ्या पिढीच्या गिरगावकरांच्या तोंडी अजून असतं. गोव्याकडच्या चवीची मासळी आणि तिथल्या वाढप्यांचा तुटकपणा, दोन्हींच्या आख्यायिका. आता ते बंद झालं आहे, आणि बंद पडलेल्या हॉटेलाचा तुटकपणाही आपल्याला गोड वाटू लागतो. मला तो भाबडेपणा वाटतो. फटकारून बोलणं म्हणजे सच्चेपणा नव्हे. दादरच्या त्या बाई 'नाही' म्हणाल्या, पण त्यात तुसडेपणा नव्हता.

पर्यटक येऊनही घर घरच राहू शकतं, याचं मुंबईतलं मोठं उदाहरण बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया हॉटेल. १९२३ चं. गोदी जवळच. जगभरातले लोक तिथे बेरी पुलाव खायला येत आणि मालक बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलांवर फिरून ऑर्डर घेत, राणी एलिझाबेथचं पत्र दाखवत. २०१६ मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांची या म्हाताऱ्याशी भेट घडवून आणावी लागली, एवढी बोमन यांची कीर्ती. २०१९ मध्ये बोमन गेले. वर्षानुवर्षं हे हॉटेल फक्त दुपारी उघडं असे. रात्रीच्या गर्दीवर केवढा पैसा मिळाला असता! पण रात्र कुटुंबाची होती. पुलावातल्या आंबट बेरी इराणहून यायच्या, आणि त्या पुलावाची कृती बोमन यांच्या पत्नीने इराणातून आणलेली. एका घरातल्या बाईची चव परदेशी पाहुण्यांच्या मार्गदर्शिकेत जाऊन बसली, तरी ती बाईचीच राहिली.

आणि आता माहीम. रेती बंदराजवळ कोळीवाड्याच्या वाळूवर मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये कोळी महिलांच्या बचत गटांसाठी सी फूड प्लाझा सुरू केला. समोर वांद्रे-वरळी सी लिंकचे दिवे, पायाखाली वाळू, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि तवे. इटलीच्या त्या किनाऱ्याचं आपल्याकडचं भावंड शोधायचं तर ते मला इथे सापडतं, कुठल्याही पंचतारांकित इटालियन 'त्रात्तोरिया'त नाही. सासू तव्यावर, सून हिशोबाला, नातू पाण्याच्या बाटल्या पोचवायला. कच्ची मासळी परातीत मांडलेली असते, बोट दाखवायचं आणि सांगायचं.

तिथे एका तरुणाने चिंबोरी 'बटर-गार्लिक' करून मागितली. मी मनातल्या मनात बाईच्या नकाराची वाट पाहत होतो. तिने बटरचं पाकीट फाडलं आणि लसूण ठेचायला घेतला. वर मला बघून म्हणाली, "काका, पोरांना आवडतं. मसाला काय, कुठलाही घालू. चिंबोरी जिवंत होती ना, ते बघा." मला जे इतकी वर्षं नीट मांडता आलं नव्हतं, ते तिने लसूण सोलता सोलता सांगून टाकलं. मसाल्यात वाकायला हरकत नाही. पर्यटकाला तिखट झेपत नसेल तर कमी घाला, चिनी सॉस घाला, हवं तर नाव बदला. मात्र समुद्राने जे दिलं नाही ते दिल्याचा आव आणू नका. मोंतेरोस्सोच्या नातवाची चीजबाबतची कर्मठता आणि माहीमच्या या बाईचं बटर, दोघांपैकी एकाची बाजू घ्यायची तर मी बाईची घेईन. त्याने पदार्थ सांभाळला. तिने मासा आणि माणूस दोन्ही सांभाळले.

त्याच रांगेत पुढे कुणीतरी घोळ मागितला. "नाय आज," ती म्हणाली, आणि परातीतल्या बोंबलांकडे बोट दाखवलं. बोंबील ओले, लुसलुशीत, दगडाखाली दाबून पाणी काढलेले. मागणारा चक्क थांबला आणि बोंबील घेऊन बसला.

तुम्ही मुंबईला याल तेव्हा, किंवा मुंबईतच राहून रविवारी घराबाहेर जेवायला निघाल तेव्हा, एक करून बघा. मासळीचं नाव आधी सांगू नका. गल्ल्यावरच्या ताईला, मावशीला विचारा, "आज काय चांगलं आहे?" ती जर म्हणाली, "सगळंच," तर सोलकढी पिऊन उठा. ती क्षणभर थांबली, आत डोकावून आली आणि "पापलेट नाही" म्हणाली, तर बसा. जून-जुलै असेल तर सुकट मागवा, आणि ऑक्टोबरनंतर बांगडा.